महिनाभराचे शाओलिन

चंद्रपुरातील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात गेल्या काही महिन्यांपासून एक वाद चालू आहे. घरचे चिरंजीव एकोणीस वर्षांचे. शाळेत असल्यापासून ते कराट्याच्या वर्गास जात. पुढे चिनी कुंग फूची गोडी लागली. आता त्यांनी असा हट्ट धरिला आहे की, चीनच्या हेनान प्रांतात शाओलिन विहाराच्या परिसरात ज्या शाळा आहेत, त्यांपैकी एकीत महिनाभर राहावे, प्रशस्तिपत्र आणावे आणि परत येऊन जटपुरा दरवाज्याच्या आसपास एखादी जागा घेऊन स्वतःचा वर्ग काढावा. २०२० पासून बंद असलेली भारत-चीन थेट विमानवाहतूक ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाल्याने त्यांच्या उत्साहास अधिकच भरते आले आहे. वडील कोळशाच्या खाणीत नोकरीस. मुलाच्या शिक्षणासाठी साठविलेली रक्कम या एका प्रवासात संपेल, ही त्यांची चिंता. आजोबांचा आक्षेप निराळाच. ते म्हणतात, ‘ही विद्या मुळात आपलीच. आपल्या बोधिधर्माने ती चिन्यांस शिकविली. आता गुरूच्या घरच्यांनी शिष्याच्या दारी जाऊन उभे राहावयाचे काय?’ मंडळींनी निवाडा आमच्याकडे मागितला, आणि तोंडी दिलेला निवाडा कोणासच न रुचल्यामुळे तो येथे सविस्तर मांडीत आहो.

हा वाद एका घरापुरता असता तर त्यास या पृष्ठांवर जागा देण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु परक्याची विद्या कशी घ्यावी आणि आपली कशी सांभाळावी, या दोन्ही प्रश्नांविषयी आमच्या सुशिक्षित वर्गात जो गोंधळ आहे, तो या एका ओसरीवर सगळाच्या सगळा एकत्र झालेला दिसतो. आजोबा जाऊ नको म्हणतात ते चुकीच्या कारणासाठी, आणि नातू जातो म्हणतो तेही चुकीच्याच कारणासाठी. आमचे मत असे की, विद्येसाठी चीनला अवश्य जावे. परंतु आज ज्या रीतीने जाण्याचे घाटत आहे ते विद्यार्जन नव्हे, ती केवळ खरेदी होय. आणि ज्याने स्वतःच्या अंगणातील विद्येस कधी हात लाविला नाही, त्यास दुसऱ्याच्या अंगणात जाऊन काय पाहावे हेही कळावयाचे नाही.

प्रथम आजोबांच्या पक्षाचा विचार करू; कारण वयाचा मान त्यांचा, आणि त्यांचे मत बाळगणारांची संख्याही मोठी. बोधिधर्म हा पाचव्या-सहाव्या शतकांतील बौद्ध भिक्षू. चीनमधील ध्यानसंप्रदायाचा आद्य आचार्य म्हणून त्याची जी कीर्ती आहे, ती कोणी हिरावून घेत नाही. परंतु त्याने शाओलिनच्या भिक्षूंस मुष्टियुद्ध शिकविले, या कथेस जुना आधार काडीचाही नाही. त्याचा सर्वांत जुना उल्लेख इ. स. ५४७ च्या सुमारास लिहिलेल्या, लोयांग नगरीतील विहारांचे वर्णन करणाऱ्या चिनी ग्रंथात येतो. तेथे पश्चिमेकडून आलेला हा वृद्ध भिक्षू एका विहाराचे वैभव पाहून थक्क होतो, एवढेच आहे. मुठीचा किंवा काठीचा मागमूस नाही. ज्या ‘यीजिन जिंग’ नामक पुस्तकावर ही कथा उभी आहे ते सतराव्या शतकातले, आणि त्याचे पुराणत्व सिद्ध करण्यासाठी त्यास जोडलेल्या प्रस्तावना बनावट आहेत. हे सांगणारे कोणी भारतद्वेष्टे होते असे समजू नये. तांग हाओ या चिनी संशोधकाने १९३० साली बोधिधर्माची ही कथा मोडून काढली; आणि त्याच पुस्तकात, ताई-चीचा प्रवर्तक म्हणून पुजला जाणारा झांग सानफेंग हा जो त्याच्या स्वतःच्या देशातील सिद्धपुरुष, त्याचीही दंतकथा तितक्याच निष्ठुरपणे मोडली. स्वदेशाच्या विद्येवर ज्याचे खरे प्रेम असते त्यास दंतकथेच्या कुबड्या लागत नाहीत, हे त्याच्या उदाहरणावरून आमच्या अभिमानी मंडळींनी शिकण्यासारखे आहे.

शाओलिनशी आपला जो खरा संबंध आहे तो मात्र आम्हांस ठाऊक नसतो. तो विहार इ. स. ४९५ च्या सुमारास मुळी एका भारतीय भिक्षूसाठी बांधण्यात आला, आणि तो भिक्षू बोधिधर्म नव्हे. तेथील भिक्षूंनी शस्त्र हाती धरल्याचा पहिला भक्कम पुरावा इ. स. ६२१ मधला, पुढे सम्राट झालेल्या ली शिमिन याच्या बाजूने ते लढले, आणि त्या उपकाराची नोंद ७२८ च्या शिलालेखात विहारात उभी आहे. म्हणजे आपल्याकडून गेले ते ध्यान आणि ग्रंथ. काठी त्यांनी आपल्या गरजेतून आपल्या मातीत घडविली. असे असता ‘ते सारे आमचेच’ असे म्हणणे हा नुसता इतिहासाचा अपराध नव्हे, तो आळसाचा बहाणाही आहे. जे आपलेच आहे ते शिकावयास नको, आणि जे शिकावयास नको त्यासाठी घाम गाळावयास नको, अशी ही सोयीची विचारसरणी आहे. आजोबांस आम्ही नम्रपणे विचारतो की, बोधिधर्माचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या घरातील किती जणांस लाठीचे चार हात येतात?

आता नातवाचा पक्ष. शाओलिनचे आजचे वैभव पुष्कळसे अलीकडचे आहे. १९२८ साली एका लढाऊ सरदाराने तो विहार जाळला. ग्रंथभांडारासह त्याचा मोठा भाग भस्म झाला. १९८२ साली ‘शाओलिन टेंपल’ हा चित्रपट आला आणि तेव्हापासून तेथे यात्रेकरूंची रीघ लागली. शेजारच्या डेंगफेंग शहराभोवती आज खासगी शाळांचा बाजार उभा आहे. त्यांत हजारो चिनी मुले वर्षानुवर्षे राहून कठोर मेहनत घेतात, आणि परदेशी पाहुण्यांसाठी महिन्याच्या हिशेबाने निराळे वर्ग चालतात. आमचे चिरंजीव ज्यास ‘शाओलिनला जाणे’ म्हणतात ते या दुसऱ्या दाराने जाणे होय. २०२५ च्या जुलै महिन्यात विहाराच्या महंतांवरच निधीच्या अपहाराचा आरोप येऊन चौकशी सुरू झाली आणि त्यांचे भिक्षुपद काढून घेण्यात आले. तीर्थ झाले की पंडे येतातच, हे आम्हां भारतीयांस कोणी निराळे सांगावयास नको.

परंतु दोष विक्रेत्याचा अर्धा असेल, तर गिऱ्हाइकाचा पुरता आहे. ‘कुंग फू’ या चिनी शब्दाचा मूळ अर्थ मुष्टियुद्ध असा नव्हे; दीर्घकाळ कष्ट करून अंगी बाणविलेले कौशल्य, मग ते स्वयंपाकाचे असो की सुलेखनाचे, त्यास तो शब्द लागतो. ज्या विद्येच्या नावातच काळ आणि कष्ट भरलेले आहेत, ती एका महिन्यात आणावयास निघालेला मनुष्य तिच्या नावापाशीच अडखळला म्हणावयाचा. शाओलिनच्या काठीवर ज्याचा ग्रंथ सर्वांत प्रमाण मानतात तो चंग त्सोंगयो हा सतराव्या शतकातील गृहस्थ, स्वतः चिनी असून, भाषेची अडचण नसताना, त्या विहारात दहा वर्षांहून अधिक काळ शिकत राहिला होता. आमच्या तरुणास भाषा येत नाही, तीस दिवसांतील चार दिवस प्रवासात आणि चार दिवस पोट बिघडण्यात जातील. राहिलेल्या बावीस दिवसांत तो जे आणील ते त्यास चंद्रपुरात बसूनही मिळाले असते. प्रशस्तिपत्राचीही गोष्ट तीच. सरकारी नोकरीतील खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणास मान्यताप्राप्त स्पर्धांतील प्रावीण्य लागते. परदेशी खासगी शाळेच्या सोनेरी शिक्क्याचा तेथे उपयोग नाही. तो शिक्का उपयोगी पडेल तो एवढ्यासाठीच की, आमच्यासारख्याच दुसऱ्या कुटुंबांनी तो पाहून आपली मुले या वर्गात घालावी. अशा रीतीने अर्धवट विद्येची एक साखळी तयार होते, आणि तिच्या प्रत्येक कडीवर कोणा तरी बापाची शिल्लक खर्ची पडते.

मग विद्येसाठी परदेशी जावे तरी कसे? याचे उत्तर देणारा पुरुष चीनमधूनच आपल्याकडे येऊन गेला, आणि तो कदाचित आमच्या याच वनप्रदेशातूनही गेला असेल. ह्युएनत्संग हा चिनी भिक्षू सातव्या शतकात सुमारे सोळा वर्षे प्रवासात होता. इ. स. ६३९ च्या सुमारास तो दक्षिण कोसल देशात आला. त्या देशाची राजधानी कोणती यावर पंडितांचा जुना वाद आहे. कनिंगहॅमने चांदा पुढे केले, ग्रँटने भांदक आणि फर्ग्युसनने वैरागड. पुढे अनेकांनी छत्तीसगडातील सिरपुराकडे कौल दिला. राजधानी कोठेही ठरो; भद्रावतीजवळच्या विजासन टेकडीतील बौद्ध लेणी पाहताना या वाटेवरून विद्येची ये-जा होती, याविषयी शंका राहत नाही.

या प्रवाशाची रीत पाहा. तो निघाला तो रिकामा निघाला नाही. चीनमध्ये उपलब्ध असलेले ग्रंथ आणि आचार्य त्याने आधी पालथे घातले होते. निरनिराळ्या भाषांतरांत परस्परविरोध दिसले, त्यांचा निरास मूळ ग्रंथांवाचून होत नाही अशी खात्री झाली, तेव्हा तो निघाला. म्हणजे काय शोधावयाचे हे त्यास घरीच कळले होते. त्याने संस्कृत आत्मसात केले, नालंदेस शीलभद्राच्या पायाशी वर्षानुवर्षे बसला, आणि ६४५ साली ६५७ ग्रंथ घेऊन परतला. परतल्यावर त्याने वर्ग काढून पाटी लाविली नाही. पुढील सुमारे एकोणीस वर्षे, म्हणजे मरेपर्यंत, तो भाषांतर करीत राहिला. याच प्रवासात तो पुलकेशीच्या महाराष्ट्रातही आला होता. येथील लोक मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, रणात जाण्यापूर्वी वीर स्वतः मद्य पितात आणि हत्तींसही पाजतात, हरलेल्या सेनापतीस दंड न करता स्त्रीवेष देतात, ही आपल्या पूर्वजांच्या युद्धरीतीची माहिती आज आपल्यापाशी आहे ती या चिन्याने लिहून ठेविली म्हणून. ज्यास आपल्या विद्येची कदर असते तोच परक्याच्या विद्येची नोंद इतक्या काळजीने घेतो.

अगदी अलीकडे आपल्यातीलच एक मनुष्य चीनला असा गेला होता. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर गेले ते स्वतःची शस्त्रक्रियेची विद्या पक्की करून गेले. तेथे चिनी भाषा शिकले, तेथील लोकांत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच मरण पावले. त्यांचे मोठेपण सर्वांस ठाऊक आहे. आम्हांस त्यातील एवढाच धागा घ्यावयाचा आहे की, देण्याजोगे काही ज्याच्या हाती आहे त्याचेच चीनमध्ये स्वागत झाले, आणि स्मरणही राहिले.

शाओलिनच्या स्वतःच्या इतिहासातही असा एक प्रसंग आहे, आणि तो त्या शाळांच्या जाहिरातींत सापडावयाचा नाही. १५६१ च्या सुमारास यू दायो नावाचा चिनी सेनापती तेथील काठीची कीर्ती ऐकून विहारात गेला. भिक्षूंनी आपले हात करून दाखविले. ते पाहून त्याने स्पष्ट सांगितले की, तुमची खरी विद्या तुम्ही गमावून बसला आहा. भिक्षूंस राग आला नाही. त्यांनी आपल्यातील दोन तरुण भिक्षू त्याच्याबरोबर दक्षिणेस पाठविले; ते तीन वर्षांहून अधिक काळ सैन्याबरोबर राहून शिकले, आणि परत येऊन त्यांनी आपल्या बांधवांस शिकविले. म्हणजे ज्या शाओलिनला आपण यात्रेसारखे जातो, त्या शाओलिनने स्वतःची विद्या हरवल्याचे एकदा कबूल केले होते, आणि ती परत मिळविण्यासाठी माणसे बाहेर धाडली होती. आमच्या झाडीपट्टीस असे कबूल करण्याचे धैर्य आहे काय, हा आमचा खरा प्रश्न आहे.

कारण हरवले आहे ते येथेच आहे. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या निमित्ताने एक विलक्षण योग जुळून आला होता. चीनच्या पथकाबरोबर सहा पुरुष आणि तीन स्त्रिया अशी नऊ जणांची मंडळी आपली देशी युद्धकला दाखविण्यासाठी गेली होती. आणि त्याच वेळी आमच्या विदर्भातून, अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक कबड्डीसह आपले देशी खेळ घेऊन तेथे पोहोचले होते. दोन्ही राष्ट्रे तेव्हा हलाखीत, दोन्हींस परक्यांनी गांजलेले, आणि दोन्हींच्या हाती दाखविण्यासारखी स्वतःची विद्या. त्या दिवशी दोघांची पायरी एकच होती. पुढे काय झाले?

चिन्यांनी १९२८ सालीच नानजिंग येथे देशी युद्धकलेची मध्यवर्ती संस्था काढली होती. बर्लिनला गेलेल्या त्या नऊ जणांतील काही पुढे क्रीडाविद्यालयांत अध्यापक झाले. १९६६ नंतरच्या दशकात सांस्कृतिक क्रांतीच्या नावाखाली जुन्या गुरूंचा छळ झाला, त्यांच्या वह्या जळाल्या, हेही सांगितले पाहिजे. चीनमध्ये सारे गोमटेच होते असे नव्हे. परंतु ते वादळ ओसरताच, १९८३ ते १९८६ या काळात, त्यांनी देशभर माणसे पाठवून गावोगावच्या वृद्ध वस्तादांची पाहणी केली आणि स्वतंत्र म्हणता येतील अशा १२९ परंपरा नोंदवून ठेविल्या. २०२० साली ताई-चीस युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले, ते या खटाटोपाच्या पायावर.

आपल्याकडे काहीच झाले नाही असे आम्ही म्हणत नाही. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबास शास्त्राचे रूप दिले, बडोद्यास द. चिं. मजुमदार यांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड संपादिले. १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापिलेले अमरावतीचे मंडळ आजही उभे आहे. आणि अलीकडे ‘खेलो इंडिया’ स्पर्धांत मल्लखांबास जागा मिळाली आहे. परंतु ही सारी कामगिरी नागर महाराष्ट्राची. वैनगंगेच्या पलीकडे, प्राणहिता-इंद्रावतीच्या काठच्या अरण्यात शरीरविद्येची जी निराळी परंपरा होती, तिची नोंद मराठीत कोणी केली? मुरिया आणि त्यांचे गोटूल यांवर १९४७ साली ग्रंथ लिहिला तो व्हेरिअर एल्विन या इंग्रजाने. बस्तरच्या माडियांवर १९३८ साली लिहिले ते ग्रिगसन या इंग्रज अधिकाऱ्याने. आदिलाबादच्या राजगोंडांवर लिहिले ते ऑस्ट्रियाहून आलेल्या फ्यूरर-हायमेनडॉर्फने. आमच्या जिल्ह्यांच्या उंबऱ्यापर्यंत परके येऊन पोहोचले. आणि आम्ही मात्र आमच्याच शेजाऱ्यांविषयी वाचतो ते त्यांच्या इंग्रजीतून.

येथे कोणी सुशिक्षित गृहस्थ नाक मुरडून म्हणतील की, बांबूचे धनुष्य, रानातील माग काढणे, झाडावर सरसर चढणे, रात्रभर चालणारा रेला नाच, ही काय युद्धकला झाली? त्यांस आमचा पहिला प्रश्न असा की, सोळाव्या शतकात छी चीग्वांग या सेनापतीने आपल्या सैनिकी ग्रंथात ज्या मुष्टियुद्धाची बत्तीस आसने चित्रांसह नोंदविली, ती कोणाची होती? ती त्याच्या काळी प्रचलित असलेल्या लोकांतील निरनिराळ्या परंपरांमधूनच त्याने निवडिली होती. विद्या शास्त्र होते ती कोणी तरी आदराने पाहून, निवडून, नावे देऊन लिहून ठेवतो तेव्हा. तोवर सर्वत्र ती ‘रानटी’च असते. दुसरा प्रश्न असा की, १८५८ साली मोलमपल्लीच्या बाबुराव शेडमाके यांनी गोंड-माडिया तरुणांची फौज उभारून इंग्रजांशी राजगड, नांदगाव-घोसरी येथे जे सामने दिले, ते कोणत्या विद्येच्या बळावर? २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगापाशी त्यांस फाशी झाली तेव्हा ते पंचविशीचे होते. त्यांची जयंती-पुण्यतिथी आम्ही करितो. परंतु त्यांचे लोक धनुष्याची कमान कोणत्या बांबूची करीत, त्यास बांबूच्याच कामटीची प्रत्यंचा कशी चढवीत, नेम धरताना श्वास कोठे रोखीत, हे शाळेतील मुलांस सांगू शकेल असे एक मराठी पुस्तक आमच्या कपाटात नाही.

ही शक्ती आटली आहे असेही नाही. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या दहा आदिवासी विद्यार्थ्यांची तुकडी एव्हरेस्टवर निघाली आणि तिच्यातील पाच जण शिखरावर पोहोचले. त्यांस तेथवर नेले ते महिनोन्महिन्यांच्या पद्धतशीर पूर्वतयारीने, तीस दिवसांच्या सहलीने नव्हे. त्या मुलांचे पाय आमच्याच रानांत तयार झालेले होते.

परक्याची गोष्ट अर्धी समजून उचलण्याचे परिणाम काय होतात, हे गडचिरोलीइतके दुसऱ्या कोणत्या जिल्ह्यास कळले असेल? माओच्या युद्धतंत्राची पोथी हाती घेऊन १९८० च्या सुमारास काही मंडळी या अरण्यात आली. ‘चीनचा अध्यक्ष तो आमचा अध्यक्ष’ ही घोषणा त्यापूर्वीच कलकत्त्याच्या भिंतींवर रंगली होती. आणि ही घोषणा चूक आहे असे १९७० साली खुद्द चिनी नेत्यांनीच आपल्या या भारतीय अनुयायांस सुनाविले होते. पुढील चार दशकांत बंदुकीच्या दोन्ही बाजूंस मेली ती बहुतांशी येथलीच तरुण मुले. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या चळवळीच्या एका ज्येष्ठ नेत्याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेविली. कुंग फूचा वर्ग आणि ही रक्तरंजित कथा यांची बरोबरी आम्ही करीत नाही. परंतु मनाची खोड एकच: दूरच्या देशात कोणाच्या तरी अनुभवातून निघालेली गोष्ट, आपल्या मातीची चौकशी न करता, जशीच्या तशी आणून रोवावयाची.

याच गडचिरोलीत उलट उदाहरणही आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने अभ्यासगट चालविले. कायद्याचे जाणकार बाहेरून बोलाविले, त्यांचे ऐकून घेतले, आणि निर्णय मात्र ग्रामसभेत स्वतः केला. २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर वनावर त्या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. परक्याचे ज्ञान घेण्याची जी रीत ह्युएनत्संगाने नालंदेत पाळली, तीच रीत, पोथीवाचून, या लहानशा गावाने पाळली. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांस चीनला जाण्याची इच्छा झाली, तर आम्ही त्यांस एका शब्दाने अडविणार नाही. काय विचारावयाचे ते त्यांस ठाऊक असेल.

आता आमचा निवाडा. आजोबांनी बोधिधर्म सोडावा आणि नातवास आपल्या लहानपणी आखाड्यात पाहिलेले फरीगदग्याचे हात, जेवढे आठवतील तेवढे, दाखवावे. वडिलांनी शिल्लक मोडू नये. परंतु मुलाची आवडही मोडू नये, कारण शरीराच्या विद्येची आवड ही आमच्या पुस्तकी वर्गात दुर्मिळ वस्तू आहे. चिरंजीवांनी प्रथम अमरावतीस जाऊन व्यायामशास्त्राचे रीतसर शिक्षण घ्यावे. सुट्ट्यांत भामरागड-एटापल्लीकडील एखाद्या गावी, ग्रामसभेची अनुमती घेऊन, पाहुण्याच्या ऐटीने नव्हे तर विद्यार्थ्याच्या नम्रतेने राहावे. १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे आणि ते योग्यच आहे. परंतु नेमबाजीस, चालण्यास, चढण्यास आणि नाचण्यास कोणताही कायदा आड येत नाही. तेथे जे दिसेल ते मराठीत, आणि जमल्यास माडियातही, ज्याची विद्या त्याच्या नावासह, लिहून ठेवावे. बरोबरीने दोन वर्षे चिनी भाषा शिकावी. मग जावे, आणि डेंगफेंगच्या बाजारात नव्हे, तर चेनजियागोसारख्या गावी, जेथे ताई-चीची परंपरा घराण्यांतून चालत आली आहे, तेथे निदान एक-दोन वर्षे राहावे. तेथून ठोसे आणि लाथा किती आणल्या हे आम्ही विचारणार नाही. १२९ परंपरांची पाहणी त्यांनी कशी केली, वस्तादाच्या मुखातील विद्या कागदावर कशी उतरविली, गावातील पोरांस ती कशी शिकविली, हे शिकून यावे. ती खरी आयात होय. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. अशा पाहणीचे काम त्याच्या आश्रयाने सुरू झाले तर परतलेल्या तरुणास वर्ग काढण्याहून मोठे काम हाती मिळेल.

हे सारे ऐकून चिरंजीव हिरमुसले आणि म्हणाले, ‘काका, म्हणजे सहा-सात वर्षे झाली की! तोवर कोण थांबतो?’ आम्ही त्यांस रागावलो नाही. त्यांच्या वयास हा प्रश्न शोभतो. आमचा राग आहे तो त्यांच्याभोवतीच्या आम्हां प्रौढांवर, ज्यांनी त्यांस आजवर जे जे दिले ते झटपट दिले, आणि कोणतीही विद्या सहा-सात वर्षे मागते हे त्यांस कळू दिले नाही. या घरातील तरुणाने अद्याप तिकीट काढलेले नाही. वडिलांनी अमरावतीच्या प्रवेशाची चौकशी केली आहे. आणि परवा आम्ही गेलो तेव्हा माळ्यावरील एक जुनी लाठी खाली काढून तिला तेल लावीत आजोबा ओसरीवर बसलेले दिसले. इतर घरांतील माळेही एकदा असेच तपासले जावे, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.